सावडीचा दिवस

(दृश्य: पहाट, धुकं, बांधावरून येणाऱ्या बायका)

जुलैचा दुसरा आठवडा. संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी. बांधावरून येतायत त्या मजुरीला आलेल्या नाहीत, पाहुण्या तर नाहीतच. ही सावड. आज हिच्या मळीत, म्हणजे भातखाचरात, लावणी; उद्या तिच्या.

(दृश्य: तरवा काढणारे हात)

हे हात बघा. तरवा म्हणजे भाताची रोपं. ती मूठभर धरून मुळासकट उपटायची, पायाच्या कडेवर दोनदा आपटून चिखल झाडायचा, काडीने बांधायचं. झाली एक मूठ. पुढची.

तरवा साधारण 21 ते 25 दिवसांचा झाला की लावायलाच हवा. निबर झाला तर फुटवे कमी येतात. पाऊस सगळ्यांवर एकदम पडतो, त्यामुळे तरवाही सगळ्यांचा एकदमच तयार होतो, आणि घरची तीन माणसं कुणालाच पुरत नाहीत. म्हणून इथे मागायची लाज नसते. आपल्यासारख्यांना असते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना अनोळखी माणसांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या. पाच जणांचा होकार मिळायला वीसेक जणांना विचारावं लागेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात दहाएक पुरले. लोक नाही म्हणतील ही धास्ती आपणच वाढवून ठेवतो.

(दृश्य: लावणी, वरून)

चिखलणी झाली, फळी फिरली, पाणी स्थिर झालं. दोन-तीन काड्या बोटांत धरून रोवायच्या आणि वीतभर मागे सरकायचं. इरलं एकीच्याच डोक्यावर आहे, बाकी सगळ्या प्लास्टिकच्या खोळी. सगळ्यांचं तोंड एकीकडे, पावलं उलटी.

हिशेब सरळ आहे. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. औत किंवा पॉवर टिलर आला की गणित बदलतं, तेही वाडीगणिक वेगळं. वही कुणाकडेच नाही. गेल्या वर्षीचा एक अर्धा दिवस कुणाचा राहिला, यावर इथे दोघींची चांगलीच जुंपली होती. त्यातला एवढाच तुकडा आम्ही ठेवलाय.

घेतलेली मदत परत करावी, हा नियम बहुतेक सगळ्या समाजांत असतो, असं समाजशास्त्रज्ञ आल्विन गुल्डनर यांनी 1960 साली मांडलं. आपण तो नियम आडून पाळतो. ‘अहो, राहू द्या’ म्हणतो आणि मनात नोंद ठेवतो. सावडीत ती नोंद चारचौघांत, मोठ्याने होते. म्हणून कुणी कुणाचं मिंधं राहत नाही. फेडायची सोय असली की घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

(दृश्य: पडवी, चूल, तीन लहान मुलं)

या आजींचे गुडघे गेलेत. लावणीला वाकणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्यांची मळी वाडी दयेने लावून देत असेल, असं आम्हीच धरून चाललो होतो. तसं बोलूनही दाखवलं. पातेल्यावर झाकण जरा जोरातच पडलं, ते ऐकू येतंय. मग कळलं, लावणीभर वाडीतली पोरं त्यांच्या पडवीत असतात आणि शेतावर जाणाऱ्या भाकऱ्या त्यांच्या चुलीवर होतात. हा त्यांचा दिवस. तोही मोजलेला.

तरुण मुंबई-पुण्याला गेले, मजुरी परवडेना, पलीकडच्या चार मळ्या पडीक आहेत.

(दृश्य: संध्याकाळ, पाय धुणाऱ्या बायका)

शेवटची मूठ संपली. उद्याची मळी ओढ्यापलीकडची. आज जिची लावणी झाली, ती तरवा काढायला सगळ्यांच्या आधी तिथे पोचलेली असेल.