उंदीर झोपेत काय गिरवतो?

मेंदू आणि एआय असा विषय निघाला की पहिल्यांदा काय येतं, तर मेंदूतले ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, आणि त्यांना लागणारी जेमतेम २० वॉट वीज. एवढ्याशा विजेवर एवढं सगळं चालतं, तर तसंच मशीन बनवा ना! अहो, पण बनवा म्हणजे नेमकं काय बनवा? आकडे ऐकून इंजिनिअरला काही सुचत नाही हो. त्याचं काम कुठेतरी अडलेलं असतं आणि तीच अडचण मेंदूनं कशी निस्तरलीय हे दिसलं, की मग डोकं चालायला लागतं. म्हणून आज मी एकच अडचण घेणारे, विसरण्याची.

१९८९ साली मॅक्लॉस्की आणि कोहेन या दोघांनी एका छोट्या न्यूरल नेटवर्कला (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावर बेतलेला, उदाहरणांवरून शिकणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) एकच्या बेरजा शिकवल्या, एक अधिक एक, एक अधिक दोन वगैरे, त्या पक्क्या झाल्यावर दोनच्या सुरू केल्या, आणि दोनच्या यायला लागल्या तशा एकच्या बेरजा साफ पुसल्या गेल्या. आपलं पोर तीनचा पाढा शिकलं म्हणून बेचा विसरत नाही (कंटाळा करतं, ते वेगळं). पण नेटवर्कमध्ये सगळं ज्ञान त्याच त्या वेट्समध्ये, म्हणजे आतल्या जोडण्यांच्या आकड्यांमध्ये, भरलेलं, नवीन शिकायचं म्हणजे तेच आकडे हलवायचे, मग जुनं टिकणार कसं? याला नाव पडलं कॅटॅस्ट्रॉफिक फरगेटिंग.

मग आपलं का पुसलं जात नाही? १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणी टिपणाऱ्या भागात, बारीक इलेक्ट्रोड बसवून पाहिलं. तिथे प्लेस सेल्स असतात, म्हणजे उंदीर एका ठराविक जागी आला की ठराविक पेशी पेटते. तर जागेपणी फिरताना ज्या पेशी जोडीनं पेटल्या होत्या त्याच नंतर झोपेतही जोडीनं पेटत होत्या! पुढच्या प्रयोगांत तर झोपेत या पेशी अख्खा रस्ता क्रमानं, आणि तोही कितीतरी पट वेगानं, परत गिरवताना दिसल्या. २००६ ची गंमत मला सगळ्यात आवडते, उंदीर ट्रॅकच्या टोकाला पोचून जागाच थांबलेला असताना तोच रस्ता उलटा गिरवला जात होता, शेवटाकडून सुरुवातीकडे. शेवटी खाऊ मिळाला तर त्याचं श्रेय मागच्या कुठल्या पावलाला द्यायचं, या हिशेबाला असं उलटं जाणं फार सोयीचं पडतं.

मधे १९९५ मध्ये मॅक्लेलंड, मॅकनॉटन आणि ओ'रायली यांनी याची थिअरी मांडली. हिप्पोकॅम्पस पटकन टिपून घेतो, कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, सावकाश शिकतो, आणि टिपलेलं परत परत, जुन्यात मिसळून, थोडं थोडं कॉर्टेक्सला दाखवलं जातं.

आता डीपमाइंड या गूगलच्या एआय कंपनीकडे या. २०१५ मध्ये त्यांच्या डीक्यूएन प्रोग्रॅमनं अटारीचे ४९ जुने व्हिडिओ गेम नुसत्या स्क्रीनकडे आणि स्कोअरकडे बघून शिकून दाखवले. लागोपाठच्या फ्रेम जवळपास सारख्याच असतात, त्या ओळीनं शिकवल्या तर नेटवर्क भरकटतं, म्हणून त्यांनी शेवटच्या दहा लाख फ्रेमचा अनुभव साठवला आणि दर वेळी त्यातले कुठलेही ३२ तुकडे उचलून शिकवलं. हा रिप्ले, म्हणजे साठवलेला अनुभव परत परत दाखवणं, बंद केला तर ब्रेकआउट या गेममधला स्कोअर तीनशेच्या वरून दहाच्या आसपास आला, म्हणजे बघा.

पण इथे एक खोच आहे. एक्सपीरियन्स रिप्लेची आयडिया लाँग-जी लिन या संशोधकानं १९९२ मध्येच मांडलेली, उंदरांच्या त्या पेपरच्या दोन वर्षं आधी. त्यामुळे "मेंदूवरून कॉपी केलं" ही सरळसोट गोष्ट मला पटत नाही. मेंदूतही तेच सापडल्यावर खात्री वाढली की वाट बरोबर आहे, आणि माझ्या मते न्यूरोसायन्सचा हा उपयोग नुसत्या प्रेरणेपेक्षा मोठा आहे.

आजच्या चॅटबॉटचं काय, तर तुम्ही त्याच्याशी तासभर बोललात तरी त्या बोलण्यानं वेट्स हलत नाहीत. हिप्पोकॅम्पससारखं तात्पुरतं टिपणं आहे, पण ते आत मुरवणारी झोप नाही. आणि वेट्स हलवायला गेलं, समजा नुसत्या मराठी मजकुरावर फाइन-ट्यून केलं, म्हणजे पुढे शिकवलं, तर आधीचं इंग्रजी नि कोडिंग ढासळायला लागतं, म्हणजे पुन्हा त्याच एकच्या बेरजा. उपाय म्हणून लोक काय करतात? नव्या डेटात जुना डेटा थोडा मिसळतात. किती मिसळायचा आणि त्यातला कुठला निवडायचा, हे अजून बरंचसं करून बघूनच ठरतं.