खोडदला जाताना फोन बंद

(दृश्य : सकाळचा पुणे–नाशिक रस्ता, चाकणची वाहनांची रांग)

सकाळी सातच्या आत चाकण मागे टाकलं तरच पुढचं वेळापत्रक टिकतं. एकदा कारखान्यांच्या पाळ्या बदलायला लागल्या की तास-दीड तास इथेच जातो. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आणि तिथून पूर्वेला खोडद, रेडिओ दुर्बिणीचं गाव. भेटीची परवानगी आधी घेतलेली असावी. फाटकावर जाऊन विनवण्या करण्यात अर्थ नाही.

(दृश्य : शेतामागून वर येणारी पहिली डिश)

ही जीएमआरटी, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. प्रकाश नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी. अशा ३० डिश आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ डिश मध्यभागी, साधारण एक चौरस किलोमीटरच्या आत. उरलेल्या १६ डिश तीन दिशांना गेलेल्या तीन रांगांत. सर्वांत दूरच्या दोन डिशमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर.

वरून घेतलेलं दृश्य या फिल्ममध्ये नाही. ड्रोन आणि त्याचा रिमोट एकमेकांशी रेडिओवरच बोलतात, आणि तो आवाज इथे चालत नाही.

(दृश्य : डिशखाली उभं राहून वर, जाळीतून दिसणारं आकाश)

डिश म्हणताना भरीव पत्रा डोळ्यांसमोर येतो. इथे पत्रा नाहीच. आहे ती स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी, तार अर्ध्या मिलिमीटरहून जराशीच जाड. जाळीचे चौकोन मध्याजवळ १० मिलिमीटरचे, कडेला २० मिलिमीटरचे. ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांतली आखूड लहर हायड्रोजनची, २१ सेंटिमीटर. एवढ्या लांब लहरीला दोन सेंटिमीटरचं भोक जाणवतच नाही. तिच्या लेखी तो सलग आरसा. वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च आटोक्यात. ही दुर्बीण उभारणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. पोलादी नळ्यांच्या १६ कमानी मध्यापासून कडेकडे जातात, त्यांच्यामध्ये तारेचे दोर ताणलेले, आणि त्या दोरांवर जाळी. नीट पाहिलं तर पृष्ठभाग गोलसर वळलेला नाही, छोट्या-छोट्या सपाट तुकड्यांनी वळण साधलंय. मीटरभर लांबीच्या लहरींसाठी तेवढं पुरतं. याच जाळीने दृश्य प्रकाश पकडायचा म्हटलं तर काही हाती लागणार नाही.

(दृश्य : डिश वळते, मोटरींचा आवाज)

प्रत्येक अक्षावर दोन मोटरी आहेत आणि त्या एकमेकींविरुद्ध थोडा जोर लावून ठेवतात. गिअरच्या दात्यांमध्ये नेहमी जरासा सैलपणा असतो. तो राहिला तर डिश नेमक्या जागी न थांबता डुलते. २१ सेंटिमीटरच्या लहरीवर एका डिशला दिसणारा आकाशाचा तुकडा पौर्णिमेच्या चंद्राहूनही लहान आहे, त्यामुळे डुलणं परवडत नाही. वारा वाढला की काम थांबवून सगळ्या डिश तोंड वर करून उभ्या केल्या जातात. वादळात हीच सुरक्षित स्थिती.

(दृश्य : चार पायांवर उचललेला फीड, जवळून)

वर मध्यभागी फिरता डबा आहे. त्याच्या चार बाजूंना वेगवेगळ्या वारंवारतांचे फीड, म्हणजे डिशने गोळा केलेल्या लहरी झेलणारे अँटेना. हवा तो फीड फिरवून नाभीवर, डिशवरच्या लहरी जिथे एकवटतात तिथे, आणायचा. तिथून सिग्नल प्रकाशतंतूने मध्यवर्ती इमारतीत येतो आणि ३० डिशच्या ४३५ जोड्या करून प्रत्येक जोडीतले दोन सिग्नल एकमेकांशी ताडले जातात. एकच स्रोत काही तास सलग पाहावा लागतो. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडीची दिशा बदलते आणि चित्र भरत जातं. अधूनमधून डिश ओळखीच्या स्रोताकडे वळवून सगळं तपासायचं, नाहीतर रात्रभराची नोंद वाया.

(दृश्य : फाटकावरची फोन बंद करण्याची सूचना)

फोन सायलेंटवर नाही, बंद. सायलेंटवरचा फोनही टॉवरला हाका मारत राहतो. असा एखादा फोन चंद्रावर ठेवला, तर या दुर्बिणीला तो आकाशातल्या सर्वांत प्रखर स्रोतांपैकी एक वाटेल. इथे शोध चालतो त्या दीर्घिकांचे सिग्नल त्याच्यापुढे अगदीच क्षीण असतात. नवे टॉवर, एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, सगळ्यांचा त्रास सारखाच. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ मार्ग याच परिसरातून जाणार होता. दुर्बिणीमुळे तो बदलायचं ठरलं. पल्सार म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणारे मृत तारे. त्यांच्या ठोक्यांमधून गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातल्याच तरंगांची, चाहूल लागल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, त्यात इथल्या नोंदीही होत्या.

(दृश्य : परतीचा रस्ता, दूर गिरवलीचा डोंगर)

परतताना पश्चिमेला गिरवली. तिथे आयुकाची, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठीय केंद्राची, दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे, पावसाळ्यात बंद.

(दृश्य : आयुकाचं कुंड, चार पुतळे, मग लंबक)

दुपारी पुणे विद्यापीठाच्या आवारातलं आयुका. चार्ल्स कोरिया यांची वास्तू; कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन. आत फुको लंबक, पृथ्वीचं फिरणं दाखवणारा लांब झोका. ध्रुवावर अशा लंबकाचं प्रतल, म्हणजे झोक्याची दिशा, दिवसभरात पूर्ण फिरतं. पुण्याच्या साडेअठरा अंश अक्षांशावर ते तासाला पाच अंशांहूनही कमी सरकतं, पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास. त्यामुळे पाच मिनिटं पाहून काहीच कळत नाही. आल्या आल्या जागा लक्षात ठेवायची आणि तासाभराने परत यायचं. असा लंबक हाताने सोडू नये. बाजूला जरा धक्का लागला तरी तो लंबगोल फिरू लागतो, आणि मग पृथ्वीमुळे झालेलं सरकणं कोणतं, चुकीमुळे झालेलं कोणतं, हे वेगळं करता येत नाही. म्हणून गोळा दोऱ्याने बाजूला बांधतात आणि दोरा जाळतात.

(दृश्य : संध्याकाळ, टिळक रस्ता)

टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था. १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांचा अड्डा.

खोडदची परवानगी जमली नाही, तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे सर्वांसाठी प्रदर्शन भरतं. शाळांची गर्दी असते. सकाळी लवकर पोहोचावं.