हरणासाठी ठासणीची बंदूक किती कॅलिबरची असावी

मित्रहो, पेनसिल्व्हेनियात साधारणपणे नाताळच्या दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा जो हंगाम उघडतो, त्यात बंदुकांपैकी फक्त चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, ठासणीची बंदूक चालते. १९७४ साली सुरू झालेल्या या हंगामाच्या अटी मोजक्या आहेत. बंदूक १८००पूर्वीच्या धाटणीची हवी, तिच्यावर दुर्बीण नको आणि नळीचे छिद्र ०.४४ इंचाहून लहान नको. आपल्यापैकी काहीजण यंदा पहिल्यांदाच ही बंदूक घेणार आहेत आणि गेले दोन महिने मला एकच प्रश्न विचारला जातो आहे: ४५ घ्यावी, ५० घ्यावी की ५४?

आरंभीच एक खुलासा करतो. रत्नागिरीकडे आमच्या आजोबांच्या घरी डुकरे आणि वानरे हाकलण्यासाठी ठासणीची होती. बंदुकीची दारू, ती नळीच्या तोंडातून ठासायचा गज, रंजक, म्हणजे ठिणगी झेलणारी नळीबाहेरची चिमूटभर दारू, आणि बार हे शब्द मी तिथेच शिकलो. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातली शिकार बंद केली आणि ते योग्यच झाले. आज मी जे बोलणार आहे ते इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणापुरते आणि इथल्या परवान्यापुरतेच आहे.

कॅलिबर म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत सांगितलेला. गोळी त्याहून किंचित लहान असते, कारण तिच्याभोवती तेलकट कापडाची चकती गुंडाळून ती ठासायची असते. म्हणून ५० कॅलिबरला ०.४९० इंचाची गोळी लागते, ४५ला ०.४४०ची आणि ५४ला ०.५३०ची. हे आकडे ऐकताना फरक नखाएवढा वाटतो आणि नवखा माणूस फसतो तो इथेच. आधुनिक रायफलची गोळी लांबुळकी असते, त्यामुळे व्यास तोच ठेवून लांबी वाढवली की तिचे वजन वाढते. शिशाच्या गोल गोळीला ही मुभा नाही. तिचा व्यास ठरला की वजन ठरलेच, आणि ते व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ४५ची गोळी १२८ ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वाआठ ग्रॅम भरते. ५०ची १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. आणि ५४ची २२४ ग्रेन, म्हणजे साडेचौदा ग्रॅम. ४५वरून ५४वर जाताना व्यास वाढला वीस टक्के आणि वजन वाढले पाऊणपट.

वजनाला इतके महत्त्व का, तर हवेमुळे. गोल गोळी हवा कापण्याच्या कामी अगदीच बेताची असते. सेकंदाला १,८०० फूट वेगाने नळीतून निघालेली ५०ची गोळी शंभर यार्डांवर पोहोचेतो हजार-अकराशे फुटांवर येते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तिच्यात मूळच्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. जास्त दारू ठासून ही तूट भरून निघेल असे वाटते, पण वाढवलेल्या वेगाचा बराचसा भाग पहिल्या पन्नास-साठ यार्डांतच हवा खाऊन टाकते आणि आपल्या वाट्याला धूर व खांद्याचा धक्का तेवढा उरतो. वजन मात्र वाटेत कमी होत नाही. जड गोळी आपला वेग अधिक काळ टिकवते, हाडावर आदळली तरी पुढे सरकते, आणि पलीकडून बाहेर पडण्याची शक्यता तिच्या बाबतीत जास्त असते. हे बाहेर पडणे मला फार महत्त्वाचे वाटते.

माझ्या पहिल्या हंगामात माझ्याकडे ४५ होती. विकणाऱ्याने ती कौतुकाने दिली होती, आणि बंदूक खरोखरच सडपातळ, देखणी होती. जानेवारीतल्या एका संध्याकाळी सुमारे ऐंशी यार्डांवरच्या मादीवर मी बार केला. गोळी खांद्याच्या हाडाला लागून आतच राहिली. बाहेर पडण्याचे छिद्रच नव्हते, त्यामुळे बर्फावर रक्ताचे चार थेंबसुद्धा नीट पडले नाहीत, आणि ते जनावर मला अंधारात, कंदिलाच्या उजेडात, तीन तासांनी सापडले. यात ४५चा दोष अर्धा आणि माझा अर्धा. ते अंतर मी घ्यायलाच नको होते. चाळीस-पन्नास यार्डांवर, फुप्फुसांवर नेम धरून ४५ने स्वच्छ शिकार करणारे जाणते लोक या भागात भरपूर आहेत. पण नवख्याला चुकीसाठी थोडी जागा हवी असते आणि ४५ ती जागा देत नाही.

मग जुन्या लोकांनी लहान छिद्राच्या बंदुका का वापरल्या, असे कुणी विचारील. अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस कारागीर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या परिसरात स्थिरावले, तेव्हा त्यांच्या सोबत आखूड नळीची, रुंद छिद्राची येगर रायफल आली. इथे तिची नळी चाळीस इंचांच्या पुढे लांबली आणि पुढे छिद्रही अरुंद होत गेले. त्यामागे हिशेब होता तो शिशाचा. एका पौंड शिशातून ५४च्या एकतीस गोळ्या ओततात, ५०च्या सुमारे चाळीस आणि ४५च्या पंचावन्न. पाठीवर शिसे आणि दारू वाहून महिनोन्‌महिने रानात राहणाऱ्याला हा फरक पोटापाण्याचा होता. उलट हेच लोक पश्चिमेच्या मैदानांकडे सरकले तेव्हा छिद्र पुन्हा रुंदावले. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या ज्या रायफली गाजल्या त्या ५३-५४च्या आसपासच्या, कारण समोर एल्क, म्हणजे अवाढव्य हरणे, आणि गवे होते. आपण गाडीने जातो, दिवसात एखादाच बार करतो. शिशाची काटकसर आपल्याला लागू नाही.

आता वरची मर्यादा. ५८ आणि ६२च्या बंदुका मिळतात, आणि हरणाला त्या पुरून उरतात. अडचण धक्क्याची आहे. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर ठिणगी पडते, रंजक पेटते, ती आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, आत जाते आणि मग बार होतो. हा क्षण छोटा असला तरी माणसाला जाणवतो, आणि तेवढ्या वेळात नेम जागचा हलता कामा नये. जोराच्या धक्क्याची धास्ती बसलेला माणूस नेमका याच क्षणी डोळे मिटतो आणि खांदा आखडतो. एक बारीक मुद्दा बंदूक घेताना हटकून विसरला जातो: अष्टकोनी नळीची बाहेरची जाडी तीच असेल, तर छिद्र जितके मोठे तितकी बंदूक हलकी होते. बेचाळीस इंची नळीत ५०ऐवजी ५४चे छिद्र पाडले, तर पावणेदोनशे ग्रॅम लोखंड निघून जाते. रानात चालताना ते बरे वाटते, पण जड गोळी आणि हलकी बंदूक मिळून खांद्याचा समाचार दुप्पट घेतात.

दारूविषयी थोडक्यात सांगतो. कॅलिबरच्या आकड्याइतके ग्रेन, म्हणजे ५०साठी पन्नास ग्रेन, इथून सुरुवात करावी आणि पाच-पाचने वाढवत जिथे गोळ्या सर्वांत जवळजवळ पडतात तिथे थांबावे. बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. काळी दारूच वापरावी. आधुनिक बिनधुराची दारू या नळीत घातली तर नळी फुटते आणि हात जातो, याला अपवाद नाही.

निवड करण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. कुणाची तरी ५० मागून घ्या, आठ इंच व्यासाची कागदी थाळी लावा आणि उभ्याने, टेकू न घेता, पाच बार करा. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच असते. पाचही गोळ्या ज्या अंतरावर थाळीत पडतील ते तुमचे अंतर, मग ते कितीही कमी असो. बहुतेकांचे ते पन्नास-साठ यार्ड निघते, आणि तिथवर ५० पुरेशी आहे. सडपातळ बांध्याच्या माणसाने, किंवा घरातल्या दोघा-तिघांनी एकच बंदूक वापरायची असेल तर, तीच घ्यावी. पंचाहत्तर यार्डांपर्यंत पाचही गोळ्या थाळीत जात असतील आणि धक्क्याने पापणी लवत नसेल तर ५४ घ्या. कोलोरॅडोत जाऊन पुढे एल्क करायचा विचार असेल, तरीही ५४ बरी. तिथे हरणाला ४० चालते, पण एल्कला किमान ५० लागते.

माझ्याकडे आता ५४ आहे, आणि ती ४५ मी शेजाऱ्याच्या मुलाला निशाणबाजीसाठी दिली आहे. दोन्ही कॅलिबरच्या गोळ्या इथे मेजावर ठेवल्या आहेत. एकेका तळहातावर एकेक घेऊन पाहा, मग प्रश्नांकडे वळू.