जिन्याचा नियम वाचायचा कसा? आकडा सगळ्यांना पाठ असतो, मोजायचं कुठून ते नाही

[मागे काँक्रीटचा कच्चा जिना. हातात टेप.]

या जिन्याला टेप लावा. खालपासून वरपर्यंत प्रत्येक पायरीची उंची १८७.५ मिलिमीटर, एकही पायरी कमी-जास्त नाही. सेंटरिंगवाल्याची पाठ थोपटावी असं काम. आणि फरशी बसली की हाच जिना नियमात नापास होणार आहे. कसा, ते आकडे मांडूनच बघू.

आधी दोन शब्द. पायरीची उभी बाजू म्हणजे राइझर, पाय ठेवायची आडवी जागा म्हणजे ट्रेड. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत राहत्या इमारतीला राइझर जास्तीत जास्त १९० मिमी आणि ट्रेड कमीत कमी २५०. इतर इमारतींना १५० आणि ३००. अमेरिकेत घरांसाठी वापरतात त्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये १९६ आणि २५४. इंग्लंडमध्ये घरातल्या खासगी जिन्याला राइझर अगदी २२० पर्यंत चालतो. म्हणजे आकडा शोधण्याआधी तीन गोष्टी ठरवायला लागतात: जागा कुठली, इमारत कसल्या वापराची, आणि तिथे कुठली आवृत्ती लागू आहे. नमुना संहिता स्वतःहून कायदा होत नसते. स्थानिक यंत्रणा ती स्वीकारते आणि स्वीकारताना त्यात आपले फेरफारही करते. तेव्हा पहिल्यांदा उघडायचा तो स्थानिक नियम.

आता हिशेब. तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत ३००० मिमी. भागिले १९०, उत्तर १५.७९. इथे कायम वरचा पूर्णांक घ्यायचा, उत्तर १५.१ आलं असतं तरी १६ च. ३००० भागिले १६ म्हणजे १८७.५. ट्रेड मात्र १५, कारण शेवटचा राइझर चढला की पाय थेट मजल्यावर पडतो. मध्ये लँडिंग घेतलं तर जिन्याच्या दोन फ्लाइट होतात, म्हणजे सलग पायऱ्यांच्या दोन रांगा, आणि प्रत्येक फ्लाइटला ८ राइझर, ७ ट्रेड.

कागदावर सगळं बरोबर. आता फरशी बसवू.

[क्लोज-अप: भिंतीवर खडूने काढलेला जिन्याचा छेद]

मजल्यावर मसाला आणि टाइल मिळून ५० मिमी जाडी. पायऱ्यांवर आणि लँडिंगवर पातळ बेड आणि दगड, मिळून ३०. मधल्या पायऱ्यांना काही फरक पडत नाही. खालची ३० ने वर आली, तशी वरचीही आली. गोची दोन्ही टोकांना आहे. पहिली पायरी ३० ने वर आली, पण तिच्या पायथ्याची जमीन ५० ने. पहिला राइझर उरला १६७.५. सर्वात वर बरोबर उलटं: मजला ५० ने चढला, त्याखालची पायरी ३० ने. शेवटचा राइझर २०७.५.

म्हणजे १९० ची मर्यादा शेवटी मोडली. दुसरा नियमही गेला, जो फारसं कुणी वाचत नाही. अमेरिकेचा रेसिडेन्शियल कोड म्हणतो, एका फ्लाइटमधला सर्वात मोठा आणि सर्वात छोटा राइझर यांत ९.५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. इथे खालच्या फ्लाइटमध्ये २० चा फरक, वरच्यातही २० चा.

हा नियम उगाच कडक नाही. माणूस पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंचीचा अंदाज घेतो, पुढे पायाला सवयच वाट दाखवते. चढताना पायाचा चवडा पायरीच्या कडेपासून अगदी थोड्या अंतराने वर जातो. त्यात एकच पायरी २० मिमी उंच निघाली की चवडा अडकतो. उतरताना तीच पायरी खोल लागते आणि तोल जातो. सगळ्याच पायऱ्या उंच असतील तर दमायला होईल. एखादीच वेगळी असेल तर पडायला होतं.

उपाय ओतण्याआधीच करायचा. कच्च्या काँक्रीटमध्ये पहिला राइझर २०७.५ ठेवा, मधले चौदा १८७.५, शेवटचा १६७.५. बेरीज ३००० च येते. म्हणजे कच्चा जिना मुद्दाम असमान ओतायचा, तेव्हा तो फरशीनंतर समान होतो. त्यासाठी दोन्ही मजल्यांची तयार फरशीची पातळी शटरिंगच्या आधी भिंतीवर मारलेली हवी आणि दगड कोणता, किती जाडीचा, हे ठरलेलं हवं. "फरशीचं नंतर बघू" इथे चालत नाही.

तर कुठलाही आकडा वाचताना त्याच्या शेजारी प्रश्न लिहा: मोजायचं कुठून कुठपर्यंत?

ट्रेड घ्या. दगड २७५ चा बसवला, पुढे २५ चं नोझिंग काढलं, म्हणजे कड बाहेर आली. ट्रेड किती? २५०. मोजायचं एका पायरीच्या कडेपासून पुढच्या पायरीच्या कडेपर्यंत, आडवं. वरच्या पायरीच्या नाकाखाली दडलेला दगड धरायचा नाही. वळणाच्या त्रिकोणी पायऱ्यांना तर दोन मापं लागतात. रेसिडेन्शियल कोडमध्ये आतल्या बाजूपासून ३०५ मिमीवर चालायची रेषा धरतात. त्या रेषेवर ट्रेड २५४ हवा आणि अगदी निमुळत्या टोकालाही १५२ पेक्षा कमी नको.

डोक्यावरची जागा मोजायची ती पायऱ्यांच्या कडा जोडणाऱ्या तिरक्या रेषेपासून सरळ वर. वर म्हणजे बीमच्या तळापर्यंत, आणि बीमला प्लास्टर किंवा खाली फॉल्स सीलिंग येणार असेल तर त्याच्या तळापर्यंत. रेसिडेन्शियल कोड २०३२ मागतो. स्लॅबच्या ड्रॉइंगवरून हे कळत नाही, छेद काढावाच लागतो.

दरवाजाचा फसवा आकडा तर विचारू नका. अमेरिकेत मोठ्या आणि सार्वजनिक इमारतींना लावतात त्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडला बाहेर पडायच्या दारात ८१३ मिमी मोकळी जागा लागते, आणि ती दार ९० अंशांत उघडं असताना दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीच्या स्टॉपपर्यंत, म्हणजे बंद दार जिथे टेकतं त्या खाचेच्या कडेपर्यंत, मोजतात. चौकट बाहेरून ९०० ची, दोन्ही बाजूंना ६०-६० चं लाकूड, म्हणजे उरले ७८०. त्यात उघडं दार स्वतःच्या जाडीमुळे आणखी वीसेक मिमी खातं. "नऊशेचा दरवाजा" प्रत्यक्षात ७६० देतो.

शब्दांचंही तसंच. रेलिंग म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो, त्याला नियमात दोन नावं आहेत. हँडरेल धरण्यासाठी, गार्ड पडू न देण्यासाठी. रेसिडेन्शियल कोडमध्ये हँडरेलची उंची ८६४ ते ९६५, आणि ती हाताच्या मुठीत मावली पाहिजे: गोल असेल तर व्यास ३२ ते ५१, भिंतीपासून कमीत कमी ३८ मोकळी. गार्ड लागतो तो कडेपासून खालची जमीन ७६२ पेक्षा जास्त खाली असेल तिथे. रुंद लाकडी फळी टाकलेला कठडा गार्ड म्हणून पास होईल, हँडरेल म्हणून नाही. पडता पडता फळीला मूठ बसत नाही. शब्द ओळखीचा वाटला तरी व्याख्येचं प्रकरण उघडा. या अमेरिकी संहितांमध्ये व्याख्या असलेले शब्द तिरक्या अक्षरांत छापलेले असतात, तेवढी खूण पुरते.

इंग्रजीतल्या 'शॅल', 'शुड' आणि 'मे'कडेही लक्ष ठेवा. पहिला सक्ती, दुसरा शिफारस, तिसरा मुभा. मराठीतल्या एका 'करावे'त हे तिन्ही अर्थ मावू शकतात, तेव्हा शंका आली की मूळ वाक्य बघा. आणि 'अपवाद' हा मथळा दिसला की कलम अजून संपलेलं नाही. गार्डच्या गजांमधून १०२ मिमीचा गोळा जाता कामा नये, हा मूळ नियम. लहान मुलाचं डोकं डोळ्यांपुढे ठेवून आलेला. पण अपवाद वाचा: जिन्याच्या उघड्या बाजूला १११, आणि राइझर, ट्रेड व खालची पट्टी यांच्यातल्या त्रिकोणात १५३.

ही मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. १६ मिमीचे गज मध्यापासून मध्यापर्यंत ११० वर लावले तर फट ९४ ची. अगदी १०२ ला भिडवायला गेलात तर एखादा गज वेल्डिंगच्या उष्णतेने किंचित वाकला तरी गोळा पार. किमान मापांनाही हेच लागू: १००० उंची लागत असेल तर १०२० काढा, कारण फरशी चढल्यावर उंची कमी होते, वाढत कधीच नाही.

[क्लोज-अप: रेलिंगच्या खांबाची बेसप्लेट]

आता ताकद. बिल्डिंग कोड गार्डच्या माथ्यावर एका बिंदूला ०.८९ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ९० किलोचा धक्का धरायला सांगतो. वाचताना किरकोळ वाटतं. खांब १००० मिमी उंच, बेसप्लेटच्या कडेपासून ताणात येणारे बोल्ट ७० मिमीवर. ९० गुणिले १००० भागिले ७०, जवळपास १३०० किलोची ओढ त्या बोल्टांवर. आणि ते बोल्ट कशात बसलेत बघा: वर टाइल आणि मसाला मिळून ५० मिमी, बोल्ट ७५ मिमी लांब. खऱ्या काँक्रीटमध्ये उरले २५, तेही स्लॅबच्या कडेपासून चार बोटांवर. रेलिंग हलवून बघितलं तर आज घट्ट लागेल. बेसप्लेट फरशीच्या आधी थेट काँक्रीटवर बसवा, किंवा फरशीची जाडी धरून तेवढा लांब अँकर, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतवायचा बोल्ट, घ्या आणि कडेपासूनचं किमान अंतर अँकर बनवणाऱ्याच्या तक्त्यातून काढा.