आधी परतीची सोय

[दृश्य : कोल्हापूरची राजारामपुरी. एका इमारतीचा पहिला मजला. टेबलावर लॅपटॉप, शेजारी स्पीकरवर टाकलेला फोन. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.]

"डीएफ. मग स्पेस. मग डॅश, आणि डॅशला चिकटून आय. लहान आय. आता एंटर मारा. काय दावतंय?"

"शंभर टक्के."

"झालं. सापडलं."

निवेदन :

फोनच्या पलीकडे एका पतसंस्थेचा सर्व्हर आहे. सकाळपासून त्यावर एकही नवी नोंद होईना. डिस्क तर निम्मी रिकामी. मग अडलं कुठं?

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलमागे एक आयनोड असतो. फाइल कुणाची, केवढी, डिस्कवर नेमकी कुठं ठेवलीय, ही माहिती त्यात असते. ईएक्सटी-फोर या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये असे आयनोड किती असणार, हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरून जातं. इथं कुठल्यातरी प्रोग्रामनं रोज हजारो बारक्या फायली टाकून ठेवल्या, त्या कुणी साफ केल्या नाहीत, आणि आयनोड संपले. पडद्यावरचे शंभर टक्के ते हेच. गोदामात जागा आहे, वहीत ओळ शिल्लक नाही.

आता त्या फायली पुसायच्या. 'आरएम' या पुसायच्या कमांडपुढे स्टार, म्हणजे 'सगळ्या फायली', दिला तर शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, त्या स्टारच्या जागी सगळी नावं भरायला जातं आणि यादी फार लांब झाली म्हणून कमांडच नाकारली जाते. म्हणून फायली शोधणारं 'फाइंड' वापरायचं, ३० दिवसांहून जुन्या अशी अट घालून. पण फाइंड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. 'डिलीट' शेवटी लिहिलं, तर ३० दिवसांहून जुन्या फायली जातात. तेच आधी लिहिलं, तर जुन्या-नव्याची अट वाचायच्या आतच समोर येईल ते पुसलं जातं. राजारामपुरीतला माणूस पलीकडच्याला आधी डिलीटशिवाय कमांड चालवायला लावतो. यादी येते. त्यातली चार नावं मोठ्यानं वाचून घेतो. मग म्हणतो, "आता वरचा बाण दाबा, तीच ओळ परत येईल. तिच्या शेवटी डॅश डिलीट लावा. शेवटी म्हणजे शेवटीच, भावा."

[शीर्षक पडद्यावर. खाली शहराचा आवाज.]

कोल्हापूरवरच्या व्हिडिओत रंकाळा, तांबडा-पांढरा आणि तांबडी माती यायलाच हवी, असा एक दंडक पडून गेलाय. तो आज मोडतो.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत, पतसंस्थांत, कॉलेजांच्या लॅबमध्ये, छापखान्यांत, केबलवरून इंटरनेट देणाऱ्यांच्या माळ्यांवर लिनक्सची यंत्रं चालू असतात. ती सांभाळणारी माणसं मोजकी. बऱ्याच ठिकाणी अख्ख्या कंपनीत एकच. बिलं त्याच्या सर्व्हरवरून निघतात, पण तो नेमकं काय करतो ते मालकाला माहीत नसतं. प्रिंटर अडला तरी त्यालाच हाक. अशा एकट्या माणसाला अडलं की तो फोन लावतो, नाहीतर संध्याकाळी चहाच्या गाड्यावर विषय काढतो.

झटपट कमांडा शिकवणारे व्हिडिओ ढिगानं मिळतात. आम्हीही तसंच काहीतरी मिळेल म्हणून कॅमेरा घेऊन गेलो होतो. चार-दोन बैठकी ऐकल्यावर लक्षात आलं, की इथं वेगाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराआधी उलट प्रश्न येतो : फसलं तर मागं कसा येणार?

[दृश्य : कीबोर्डवर बोट. एंटरच्या वरची कळ.]

कमांड तोंडी सांगणं हे वेगळंच कसब आहे. छापलेल्या ओळीत जागा दिसते. बोललेल्या ओळीत ती ऐकू येत नाही. म्हणून इथली जुनी मंडळी 'स्पेस' हा शब्द इतर सगळ्या शब्दांइतक्याच स्पष्ट आवाजात उच्चारतात. कारण पुसायच्या कमांडमध्ये फोल्डरच्या नावाआधी एक स्पेस चुकून पडली, तर एका पत्त्याचे दोन पत्ते होतात, आणि त्यातला एक भलताच असतो. उभी रेघ कुठं आहे हे तर प्रत्येक नवख्याला सांगावं लागतं : "एंटरच्या वर बघा. शिफ्ट दाबून धरा." ती रेघ म्हणजे पाइप. एका कमांडचं उत्तर दुसरीच्या तोंडात घालायची ही सोय डग मॅकिलरॉय यांनी बेल लॅबमध्ये लावून धरली आणि केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्स या जुन्या सिस्टीममध्ये आणली. लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सची घोषणा केली ती १९९१ साली, म्हणजे रेघ लिनक्सपेक्षा बरीच जुनी. फाउंड्रीतला सुपरवायझर ती रोज वापरतो, लॉगमधून, म्हणजे यंत्रानं आपोआप लिहिलेल्या नोंदींतून, कालच्या तारखेच्या ओळी गाळायला, आणि त्याला या इतिहासाशी काही देणंघेणं नाही.

[दृश्य : दोन खिडक्या उघडलेला पडदा.]

सर्वांत जास्त रंगतो तो विषय बाहेर अडकण्याचा.

सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, माणूस शाहूपुरीत. मधला दुवा एसएसएचचा, म्हणजे दुरून यंत्रात सुरक्षित शिरायच्या साधनाचा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात जाळ्यावरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या टाटू युलोनेन यांनी हे साधन लिहिलं. त्याचं दार ठरलेलं, पोर्ट २२. हा दुवाच तुटला तर सर्व्हर जिवंत असूनही हाताबाहेर. तो तुटतो बहुधा आपल्याच हातानं : फायरवॉल, म्हणजे कुठलं दार उघडं ठेवायचं ते ठरवणारा पहारा, चालू केली, आणि २२ नंबरला परवानगी द्यायची राहिली. डेटा सेंटरचं कन्सोल, म्हणजे एसएसएचशिवाय यंत्रात शिरायचा पडदा, असतं, नाही असं नाही. पण त्याचा पासवर्ड मालकाकडे आणि मालक लग्नात.

यावर इथं सांगितली जाणारी युक्ती मला फार आवडली. फायरवॉलला हात लावण्याआधी 'ॲट' या ठरल्या वेळी काम करणाऱ्या कमांडला सांगून ठेवायचं, की १० मिनिटांनी फायरवॉल बंद कर. मग नियम बदलायचे. सगळं नीट चाललं, तर ते ठेवलेलं काम रद्द करायचं. बाहेर फेकले गेलात, तर १० मिनिटं चहा प्यायचा; दार आपोआप उघडतं.

दुसरी युक्ती दोन खिडक्यांची. एसएसएचची सेटिंग बदलली की आधी 'एसएसएचडी डॅश टी'नं फाइल तपासायची, मग सेवा रीस्टार्ट करायची, पण आपण ज्या खिडकीत बसलोय ती बंद करायची नाही. चालू असलेल्या प्रत्येक लॉगिनची प्रक्रिया वेगळी असते. रीस्टार्टनं ती सहसा तुटत नाही. नवी खिडकी उघडून आत जाता येतं का ते बघायचं. येत नसेल तर जुनी आहेच. हे सांगणारी मुलगी एका कारखान्याची सिस्टीम एकटी बघते. "सर, मी तर तीन खिडक्या ठेवतो," ती हसून म्हणते.

[दृश्य : माळ्यावरचा रॅक. केबलांचे वेटोळे. खाली रस्त्यावर रिक्षा.]

आता इंटरनेट देणाऱ्यांकडे येऊ. त्यांच्या तक्रारींत एक फार चकवणारी आहे. गिऱ्हाईक म्हणतं, काही साइट उघडतात, बँकेची उघडत नाही. पिंग केलं, म्हणजे पलीकडच्या यंत्राला नुसती हाक मारून पाहिली, तर उत्तर येतं. लाइनमन दोनदा जाऊन वायर बदलून येतो. वायरीला काहीच झालेलं नसतं.

इथरनेटवरून एका पाकिटात १५०० बाइट जातात. घराघरात युजरनेम-पासवर्ड टाकून जी जोडणी चालते, ती पीपीपीओई, त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते. उरले १४९२. याहून मोठं पाकीट आलं आणि त्यावर 'तुकडे करू नका' असा शिक्का असेल, तर वाटेतला राउटर ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो, लहान पाठव. हा निरोप आयसीएमपीनं, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना अडचण कळवायच्या पद्धतीनं, जातो. आणि पुष्कळ ठिकाणी कुणीतरी हुशारी करून, सुरक्षेसाठी म्हणून, आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. निरोप पोचत नाही. पाठवणारा तेवढंच मोठं पाकीट पुनःपुन्हा पाठवत राहतो. लहान पानं उघडतात, मोठी लटकतात.

तपासायची रीत तोंडपाठ असते : पिंगला 'तुकडे नकोत' असं सांगून १४६४ आकाराचं पाकीट पाठवा. त्यात २८ बाइट मथळ्याचे मिळवले की बरोबर १४९२. हे गेलं आणि १४६५ अडलं, म्हणजे रोग कळला. मग राउटरवर टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पाकिटात मथळे सोडून प्रत्यक्ष माल किती, तो १४५२ ला बांधायचा. वायर बदलायला गेलेल्या लाइनमनला परत बोलवायचं.

कारखान्यातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं. 'घरबसल्या मोबाइलवर कारखाना दिसायला पाहिजे' असं मालक म्हणतो, आणि राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून काही दिसत नाही. राउटरला मिळालेला पत्ता बघायचा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल, तर तो २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे. बाहेरच्या जगाला तो माहीतच नाही. मग आतल्या यंत्रानंच बाहेरच्या एखाद्या स्वस्त सर्व्हरशी एसएसएचचा उलटा बोगदा काढायचा. त्याचं बाहेरचं तोंड त्या सर्व्हरपुरतंच ठेवायचं, जगाला उघडायचं नाही, हेही तिथंच बजावलं जातं.

[दृश्य : छापखाना. जुन्या सीडींचा गठ्ठा.]

एका छापखान्यात मात्र आम्ही ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ बसलो.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीची मराठी पुस्तकं ज्या फाँटांत लागली, त्यांत देवनागरी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाँट असेल तोवर मराठी दिसतं. फाँट गेला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. ग्रेप या शोधायच्या कमांडनं त्यात शब्द शोधता येत नाही. लेखक विचारतो, माझं जुनं पुस्तक परत काढायचंय, फाइल आहे ना तुमच्याकडे?

आहे, पण बदलून घ्यावी लागते. एका चिन्हाच्या जागी दुसरं टाकायचं काम 'सेड' ही कमांड एका दमात करते. गोची पहिल्या वेलांटीपाशी होते. जुन्या फाँटात ती दिसते तशीच साठवलेली, म्हणजे अक्षराच्या आधी. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. बरं, नुसतं पुढच्या अक्षरामागे ढकलून भागत नाही. 'स्थिती'तल्या पहिल्या वेलांटीला अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. रफाराचं याच्या उलट. 'सूर्य'मधला र वर काढला जातो शेवटी, पण साठवायचा य च्या आधी. त्यामुळं साध्या अदलाबदलीनंतर जागा बदलण्याचे नियम क्रमानं लावावे लागतात, आणि एक नियम पुढेमागे झाला की पानभर शब्द बिघडतात.

इथं दिला गेलेला सल्ला पुन्हा त्याच जातीचा होता. सेडला फाइल जागच्या जागी बदलायला सांगताना डॅश आयला चिकटून डॉट बॅक लिहायचं. मूळ फाइल त्या नावानं शेजारी राहते. छापखान्याच्या फोल्डरमध्ये अशा बॅक फायलींची रांग आहे. "जागा खाऊ दे की," मालक म्हणतात. "पुस्तक पुन्हा कोण टाइप करणार?"

[दृश्य : पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याची पातळी मोजायची पट्टी. पाऊस.]

जुलै लागला की बोलण्यात आणखी दोन आकडे येतात : ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतार मळा, नागाळा पार्कचा काही भाग पाण्यात. यंत्र वरच्या मजल्यावर असलं तरी वीज नाही, आणि जनरेटरचं डिझेल आणायला रस्ता नाही.

तेव्हा सर्व्हरचं काम शहराबाहेरच्या, समजा पुण्याच्या, यंत्राकडे वळवायचं, तर आधी डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी यादी. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या या व्यवस्थेत प्रत्येक नोंदीबरोबर टीटीएल असतो : हे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं. अनेकांचा तो ८६४०० असतो, म्हणजे पूर्ण दिवस. पाणी दारात आल्यावर पत्ता बदलला, तर गिऱ्हाइकांच्या बाजूला जुना पत्ता दिवसभर तसाच. आणि त्या क्षणी टीटीएल कमी करूनही काही होत नाही, कारण जुनं उत्तर जुन्या मुदतीसकटच साठवलं गेलेलं असतं. म्हणून पातळी ३९ कडे सरकू लागली, की टीटीएल ३०० वर. बदल करायचा की नाही ते नंतर ठरतं. पाऊस थांबला तर काहीच बिघडत नाही.

डेटा हलवायला आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये काढलेलं हे साधन फक्त बदललेला भाग पाठवतं, त्यामुळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही काम भागतं. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी स्लॅश आहे की नाही, यावर आतला माल जातो की फोल्डर जातो ते ठरतं, आणि यावरचा वाद आम्ही दोन वेगवेगळ्या गाड्यांवर ऐकला. चालू डेटाबेसच्या फायली मात्र तशाच उचलायच्या नाहीत. कॉपी होता होता त्या बदलत असतात आणि तुकडे जुळत नाहीत. आधी डंप, म्हणजे डेटाबेसची एका क्षणाची पूर्ण नक्कल, मग आरसिंक.

अवघड काम त्यानंतरचं आहे, पाणी ओसरल्यावर. तेवढ्या दिवसांत पावत्या पुण्याच्या यंत्रावर फाटलेल्या असतात. कोल्हापुरातलं यंत्र पुन्हा चालू होतं, पण त्यावरचा डेटा पुराआधीचा. आता आरसिंकची दिशा उलटी. सवयीनं जुनीच ओळ चालवली, तर जुना डंप नव्यावर बसतो आणि पुराच्या दिवसांतलं सगळं जातं. त्या रात्री कुणी एकटं बसत नाही. एक जण टाइप करतो, दुसरा कुठून कुठं ते मोठ्यानं वाचतो, आणि पहिली फेरी डॅश एन लावून, नुसती यादी बघायला.