माती कुणाच्या पोटात बसते?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली मोडलेला पृष्ठभाग)

हे मिश्रण ७० टक्के पॉलिप्रॉपिलीन आणि ३० टक्के नायलॉन-६ यांचं. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडलंय. हे गुळगुळीत गोल खड्डे पाहा. नायलॉनचे थेंब इथून अलगद निसटलेत, कारण दोन्ही प्लास्टिकची एकमेकांवर पकडच नव्हती.

पकड येते ती मॅलेइक अॅनहायड्राइड हे रसायन जोडलेल्या पॉलिप्रॉपिलीनमुळे. शंभर भागांना पाच भाग घातलं, की ते नायलॉनच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या टोकांशी रासायनिक बंध जोडतं आणि थेंब बारीक होतात. ताठपणा मात्र या मिश्रणात घातलेली मातीच देते.

(दृश्य: पांढरट भुकटी)

ही मॉन्टमोरिलोनाइट, बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज. एक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा, पण शेकडो नॅनोमीटर रुंद. पापुद्रे गठ्ठ्यानं चिकटलेले असतात. ते सुटावेत म्हणून त्यांच्यामधल्या सोडियमच्या जागी लांब साखळीचे अमोनियम क्षार बसवतात. अडचण इथेच आहे: हे क्षार साधारण २०० अंश सेल्सिअसपासून विघटित होऊ लागतात आणि नायलॉन वितळतं २२० अंशांना. म्हणून एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून स्क्रूनं मळणारं यंत्र, २३० ते २४० अंशांवर ठेवायचा आणि माल आत रेंगाळू द्यायचा नाही. माल पिवळा पडू लागला, तर आधी तापमान तपासा.

नायलॉनचे दाणे ८० अंशांवर, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर सुकवा. ओल राहिली तर साखळ्या तुटतात, मोल्डिंगवर चंदेरी रेघा उठतात.

आता क्रम. माती आधी नायलॉनमध्ये मळावी, पॉलिप्रॉपिलीन नंतर. मातीचा ओढा नायलॉनकडे असतो; पॉलिप्रॉपिलीनमध्ये आधी घातली तर तिला वाटेतच वेळ पुरत नाही आणि गठ्ठे तिथेच अडकतात. मात्र मातीनं नायलॉन घट्ट होतं, थेंब फोडायला जास्त जोर लागतो. स्क्रूवर मळणारे भाग पुरेसे हवेत. थेंबांच्या कडेला बसलेले पापुद्रे त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत.

मातीचं प्रमाण शंभर भागांना तीन ते पाच भाग. पुढे गठ्ठे वाढतात आणि भेगा तिथूनच सुरू होतात. ताठपणाचा आकडा चढत असतानाच आघात सोसण्याची ताकद घसरत असते, म्हणून दोन्ही चाचण्या एकाच दिवशी, एकाच मालावर घ्या.

(दृश्य: क्ष-किरण आलेख)

पापुद्र्यांमधलं अंतर या आलेखातल्या शिखराच्या जागेवरून कळतं. कच्च्या मातीचं शिखर ७ अंशांच्या कोनाच्या आसपास येतं. पापुद्रे दूर सरकले की ते डावीकडे जातं. शिखर नाहीसं झालं म्हणजे पापुद्रे सुटलेच, असं मात्र नाही. मातीचं प्रमाण कमी असलं किंवा रचना विस्कटली तरीही ते दिसेनासं होतं. खात्री पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच होते. या काळ्या बारीक रेघा म्हणजे पापुद्र्यांच्या कडा. बहुतेक थेंबांच्या आत आहेत, काही काठाला बिलगलेल्या.