भाडं किती, आणि किती दिवसांसाठी? मुंबईतल्या भाड्याच्या घरांविषयी

मित्रहो, आधी एक हिशेब मांडतो, मग इतिहासाकडे वळू. उपनगरातला एक वन बीएचके घ्या. किंमत समजा दीड कोटी. मुंबईत घराचं वर्षाचं भाडं किमतीच्या साधारण तीन टक्क्यांच्या आसपास भरतं. म्हणजे वर्षाला साडेचार लाख, महिन्याला ३७,५००. तेच घर विकत घ्यायचं ठरवलं, ३० लाख पदरचे घातले आणि १ कोटी २० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता बसतो सुमारे १ लाख ४ हजार. घर तेच, पाणी तेच, स्टेशनही तेवढंच लांब. भाडेकरू हप्त्याच्या एक तृतीयांशाहून थोडंसंच जास्त देतो.

घराच्या किमतीशी ताडून पाहिलं तर भाडं स्वस्त आहे. पगाराशी ताडून पाहा. ज्याच्या हातात महिन्याला ७० हजार येतात, त्याची निम्म्याहून जास्त कमाई या वन बीएचकेत जाते, आणि सत्तर हजार मिळवणारा माणूस या शहरात गरीब धरला जात नाही. तरीही शक्य होईल तो प्रत्येकजण भाडं सोडून जवळजवळ तिप्पट हप्त्याकडे धावतो. का, असं कुणालाही विचारा. उत्तर एकच येतं: "निदान घर खाली करा असं कुणी सांगणार नाही." म्हणजे हे जास्तीचे पासष्ट-सत्तर हजार मुख्यतः निर्धास्तपणाचे आहेत. मालमत्ता होते हे खरं, पण आधी विकत घेतली जाते ती शाश्वती. मुंबईतल्या भाड्याची सगळी चर्चा रकमेभोवती फिरते. माझ्या मते खरं दुखणं मुदतीचं आहे, आणि ते का जडलं हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली, म्हणून १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. त्याच काळात सरकार स्वतःही बांधत होतं. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला होता. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडीच्या, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी उभ्या राहिल्या. त्या चाळींबद्दल हवी तेवढी तक्रार करा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: भाड्यानेच द्यायची घरं कुणीतरी बांधत होतं.

मग आला १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. फाळणी आणि युद्धोत्तर टंचाईच्या काळात तो हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याने जुन्या इमारतींचं प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारं भाडं, १ सप्टेंबर १९४० ला जे होतं तिथेच धरलं, आणि तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालला. महिन्याला दहा-वीस रुपये भाडं मिळणाऱ्या मालकाने जिन्याची दुरुस्ती कशातून करायची? त्याने ती केली नाही. इमारती खचू लागल्या, माणसं मेली, तेव्हा १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळ आलं आणि दुरुस्तीसाठी उपकर सुरू झाला. आपण ज्यांना उपकरप्राप्त म्हणतो त्या, गिरगाव, लालबाग, भेंडीबाजारातल्या टेकू लावलेल्या इमारती या धोरणातून आल्या. भाडं कागदावर गोठलं आणि खरी किंमत पागडीतून, म्हणजे भाडेहक्क मिळवण्यासाठी मोजलेल्या एकरकमी पैशातून, हातोहात फिरू लागली.

माझ्या मते सगळ्यात मोठा धक्का बसला तो या कायद्यातल्या १९७३ च्या दुरुस्तीने. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कुणी लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क नसलेल्या नुसत्या परवानगीच्या करारावर, राहत होता, तो एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाला. त्या दिवशी ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर वाचलं, त्यांच्यासाठी ते वरदान होतं. पण मालकांच्या घराघरांत एक धडा कायमचा शिकला गेला: घर दिलं की गेलं. आजही कल्याणचा सेवानिवृत्त कारकून मुलाच्या नावे घेतलेला फ्लॅट रिकामा ठेवतो, तेव्हा त्याच्या मनात नकळत १९७३ सालच असतं.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाण भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंना संरक्षण राहिलं, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, आणि पागडीचा व्यवहार कायद्याच्या चौकटीत आला. नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी मात्र लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी. मुदत संपली की घर सोडायचं. नाही सोडलं तर दुप्पट दराने नुकसानभरपाई, आणि सक्षम प्राधिकाऱ्यापुढे झटपट सुनावणी. लंबक एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला गेला. एकाच रस्त्यावर, एका बाजूला आजोबांच्या काळचं भाडं भरणारं आणि कुणीही हलवू न शकणारं कुटुंब राहतं, आणि समोर दर अकरा महिन्यांनी सामान बांधणारं. अर्ध्या वाटेवर कायद्याने कुणालाच उभं केलं नाही.

या अकरा महिन्यांविषयी थोडं सांगतो, कारण लोक ते कायद्याचं बंधन समजतात. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, ती टाळायची म्हणून देशभर अकरा महिन्यांची सवय पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने कितीही मुदतीचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी केली नसेल तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. तेव्हा आपल्याकडे अकरा महिन्यांनी वाचत काहीच नाही. करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. सवय तेवढी उरली, आणि त्या सवयीवर दलाली चालते.

आता चढत्या भाड्याकडे येऊ. कोविडच्या काळात मुंबईत भाडी उतरली होती, माणसं गावी गेली, घरं रिकामी पडली. २०२२ पासून भाडी अशी चढली की ज्यांनी मंदीत घर भाड्याने घेतलं होतं त्यांना कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी घाम फुटला. ऑफिसं पुन्हा सुरू झाली हे एक कारण. मेट्रो हे दुसरं: दहिसर ते अंधेरीच्या दोन मार्गिका सुरू झाल्या आणि ज्या गल्ल्या आधी स्टेशनपासून लांब म्हणून स्वस्त होत्या, त्यांचं स्वस्तपण गेलं. पण तिसऱ्या कारणाबद्दल फारसं बोललं जात नाही, ते म्हणजे पुनर्विकास. पार्ल्यात, मुलुंडात, चेंबूरमध्ये, बोरिवलीत एक सोसायटी रिकामी होते, तेव्हा चाळीस-पन्नास कुटुंबं एकाच महिन्यात घर शोधायला निघतात. सगळ्यांना मुलांच्या शाळेपासून चालत जाता येईल असंच घर हवं असतं, आणि भाडं बिल्डर देणार असतो. बिल्डर देतो त्या आकड्यावर त्या परिसराचा दर ठरतो. स्वतःच्या पगारातून भरणाऱ्याला तो आकडा परवडत नाही, मग तो एक स्टेशन पुढे जातो, पुढच्या वेळी आणखी दोन. ठाण्याचा डोंबिवलीला, डोंबिवलीचा बदलापूरला.

आकड्यांत पाहा. ३० हजारांचं भाडं दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढलं तर पाच वाढींनंतर ४८,३१५ होतं. पाच टक्क्यांनी वाढलं तर ३८,२८८. महिन्याला दहा हजारांचा हा फरक करारातल्या एका ओळीत असतो, आणि ती ओळ आपण वाचतो एजंट शेजारी घाई करत असताना.

मग घरं नाहीत का? आहेत. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली, देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा जास्त. देशातल्या शहरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, २०११ मध्ये तो २८ टक्क्यांवर आला. भाड्याने द्यायला मुद्दाम बांधण्याचा एक प्रयत्न एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २००८ मध्ये केला, छोटी, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरं. पुढे योजनेचं स्वरूपच बदललं. पनवेलजवळ कोनमधली अशी २,४१७ घरं २०१६ मध्ये गिरणी कामगारांना मालकीने देण्यासाठी सोडतीत काढली. कामगारांना घर मिळायलाच हवं होतं, उशिराच मिळालं. पण भाड्याच्या घरांचा साठा तेवढा कमी झाला, आणि त्याच्या जागी दुसरा उभा करायला कुणी पुढे आलं नाही.

आणि जी घरं भाड्याने निघतात, त्यांच्या दारात आणखी एक चाळण असते. आडनाव काय, मटण-मासे खाता का, लग्न झालंय का. मुंबईत मराठी माणसाला मासे खाण्यावरून घर नाकारलं जातं, मुसलमानाला नावावरून, एकट्या मुलीला ती एकटी आहे म्हणून. या लोकांना घरांची निवड कमी मिळते, म्हणून त्याच घरासाठी भाडं जास्त मोजावं लागतं. हा अन्याय आहे, आणि सोसायटीच्या सभेत तो बोलून दाखवणारं कुणीतरी लागतं.

शेवटी मालक आणि भाडेकरू, दोघांसाठी. तीन वर्षांचा करार करा. दोन्ही बाजूंना लॉक-इन ठेवा, म्हणजे ठरल्या काळात कुणालाच करार मोडता येणार नाही, वाढ पाच टक्के आताच लिहून टाका. मघाच्याच घराचं गणित: ३६ महिने, ३७,५०० भाडं, दरवर्षी पाच टक्के वाढ, दीड लाख डिपॉझिट. पाव टक्का मुद्रांक शुल्क येतं ३,७०० च्या आत, वर नोंदणीचे १,०००. दर अकरा महिन्यांनी दलालाला एका महिन्याचं भाडं देण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. मालकाचं घर मधे दोन महिने रिकामं पडत नाही, आणि मुदत संपल्यावर घर परत मिळण्याचा त्याचा हक्क पूर्ण शाबूत राहतो. हेवी डिपॉझिटच्या, म्हणजे मोठी रक्कम अनामत ठेवून भाडं कमी करून घेण्याच्या, वाटेला जाऊ नका, मालकाने ते पैसे दुसरीकडे गुंतवले की किल्ली परत देऊनही तुम्ही वाट पाहत बसता. सोसायटीने भाडेकरू ठेवल्याबद्दल जास्तीची आकारणी लावली तर २००१ चा शासन आदेश दाखवा, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आणि घराचा ताबा सोडताना डिपॉझिट त्याच दिवशी, त्याच बैठकीत परत मिळेल, हे करारात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या.